वेब सर्व्हरवरील स्क्रिप्टला फाइल लिहिता येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइल लिहिताना स्क्रिप्ट अडली की बहुतेक जण आधी परवानगीचे आकडे बदलतात आणि कारण नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. फाइल नेमके कोण लिहिते आहे, कुठे लिहिते आहे आणि त्याला अडवले कोणी, एवढे कळले की दुरुस्ती बहुतेक वेळा एका आज्ञेची असते. खालची उत्तरे मुख्यतः लिनक्ससाठी आहेत, शेवटाकडे विंडोजचाही भाग आहे. आज्ञांची आणि सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टंकावीत.

त्रुटीच्या संदेशातून नेमके काय कळते?

वाटते त्यापेक्षा बरेच. पीएचपीच्या ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम’ या शब्दांना स्वतःचा फारसा अर्थ नाही. खरे कारण त्यापुढच्या विसर्गचिन्हानंतर (कोलननंतर) येते. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे त्रुटी क्रमांक १३. इथे परवानग्या किंवा एसईलिनक्ससारखे सुरक्षेचे थर तपासायचे. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा क्रमांक १, आणि तो वेगळा आहे: फाइलचा मालक नसताना तिची परवानगी बदलू पाहिली किंवा फाइलवर ‘बदलता न येणारी’ अशी खूण असली की तो येतो. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ म्हणजे ३०. इथे सीएचमोड, म्हणजे परवानगी बदलणारी आज्ञा, कितीही वेळा चालवली तरी काही होणार नाही. ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणजे २८, आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे २. हा शेवटचा संदेश परवानगीचा नाहीच. मार्ग चुकला आहे किंवा मधले फोल्डर अस्तित्वात नाही.

पडद्यावर नुसते ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या त्रुटीचा क्रमांक, दिसत असेल तर लॉग उघडा. डेबियन आणि उबुंटूवर अपाचेचा लॉग ‘/व्हार/लॉग/अपाचे२’ मध्ये असतो, रेड हॅट घराण्यात ‘/व्हार/लॉग/एचटीटीपीडी’ मध्ये, आणि एनजिनएक्सचा ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स’ मध्ये. फ्रेमवर्कचा स्वतःचा लॉग रिकामा असेल तर त्यावर विसंबू नका. ज्या फोल्डरात लिहिता येत नाही, तिथेच तो लॉगही लिहायचा असू शकतो. मग खरी त्रुटी फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडते.

स्क्रिप्ट कोणत्या युजरच्या नावाने चालते, हे कसे ओळखावे?

तुम्ही एसएसएचने ज्या नावाने आत येता, त्या नावाने ती बहुधा चालत नाही. डेबियन आणि उबुंटूवर हा युजर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतो, रेड हॅट, फेडोरा आणि त्यांच्या भावंडांवर ‘अपाचे’, आर्चवर ‘एचटीटीपी’, फ्रीबीएसडीवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’.

पण या यादीवर थांबू नका. पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सेवा) वापरत असाल तर वेब सर्व्हर एका नावाने आणि पीएचपी दुसऱ्याच नावाने चालू शकते. रेड हॅटवर एनजिनएक्स बसवला तरी एफपीएमच्या मूळ पूलमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या गटात, युजर ‘अपाचे’च असतो. लोक फोल्डर ‘एनजिनएक्स’च्या नावावर करतात आणि त्रुटी तशीच राहते. पूलच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील ‘युजर’ आणि ‘ग्रुप’ या ओळी पाहा. पायथन किंवा नोडचे ॲप सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालत असेल तर सेवेच्या फाइलमधील ‘युजर’ ही ओळ पाहा. ती नसेल तर ॲप रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालते आहे आणि तो वेगळाच धोका आहे.

खात्रीचा मार्ग म्हणजे प्रोसेसलाच विचारणे. ‘पीएस ऑक्स’ चालवून पहिल्या स्तंभातील नाव पाहा. मास्टर प्रोसेस रूटची दिसेल, ती सोडून तिच्या वर्कर प्रोसेस पाहायच्या. पीएचपीमध्ये ‘पोझिक्स_गेटईयूआयडी’ हे फंक्शन खरा युजर क्रमांक देते. ‘गेट_करंट_युजर’ मात्र नावाने फसवते: ते प्रोसेसचा युजर न सांगता स्क्रिप्टच्या फाइलचा मालक सांगते. तपासणीसाठी ठेवलेली चाचणी फाइल काम झाल्यावर लगेच काढून टाका.

फाइलची परवानगी ६६६ (सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशी) केली, तरीही तेच. असे का?

फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी मुळापासूनच्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ परवानगी लागते. फोल्डरच्या बाबतीत ‘एक्स’ म्हणजे आत शिरण्याची मुभा. वाटेतले एक दार बंद असेल तर आतली तिजोरी उघडी असून उपयोग नाही.

हे पाहण्यासाठी ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह चालवा आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग द्या. मार्गातील प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी ती एकाखाली एक दाखवते. ज्या ओळीवर वेब युजरला ‘एक्स’ मिळत नाही, तिथे अडकले आहे.

हे सर्वाधिक घडते ते होम फोल्डरमध्ये साइट ठेवल्यावर. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचे होम फोल्डर ७५० परवानगीने तयार होते आणि रेड हॅटवर ते ७०० असते. दोन्हींत वेब युजर बाहेरच राहतो. साइट ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ किंवा ‘/एसआरव्ही’ खाली हलवणे सर्वांत स्वच्छ. ते शक्य नसेल तर ‘सेटएफएसीएल’ वापरून होम फोल्डरवर वेब युजरला फक्त ‘एक्स’ द्या. त्याला तेवढ्याने आत जाता येते, पण तुमच्या फाइलींची यादी पाहता येत नाही. होम फोल्डरला ७५५ देऊन ते सगळ्यांसाठी उघडू नका.

दुरुस्तीनंतर ब्राउझरमध्ये तपासण्याआधी वेब युजरच्या नावाने चाचणी घ्या: ‘सुडो’ला ‘यू’ पर्यायाने तो युजर द्या आणि ‘टच’ने त्या फोल्डरात एक रिकामी फाइल बनवून पाहा. ती बनली तर मूळ परवानग्या नीट आहेत आणि अडथळा वरच्या एखाद्या थरात आहे. हा एक प्रयोग पुष्कळ वेळ वाचवतो.

जुनी फाइल बदलता येते, पण नवी बनवता येत नाही. जुनी पुसताही येत नाही.

फाइल बनवणे, पुसणे आणि तिचे नाव बदलणे हे फोल्डरमधले बदल आहेत. त्यासाठी फोल्डरवर ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ दोन्ही लागतात. फाइलची स्वतःची परवानगी तिथे पाहिली जात नाही. म्हणूनच ४४४ असलेली फाइलसुद्धा, फोल्डर लिहिण्यायोग्य असेल तर, पुसली जाऊ शकते. अपवाद १७७७ अशा स्टिकी बिट असलेल्या फोल्डरांचा, उदाहरणार्थ ‘/टेंप’. तिथे फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट यांनाच ती पुसता येते.

याचे दोन परिणाम सहज लक्षात येत नाहीत. अनेक लायब्ररी सुरक्षित लेखनासाठी आधी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिचे नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेवतात. फोल्डर बंद असेल तर हे जमत नाही, मूळ फाइल ६६६ असली तरी. दुसरा परिणाम एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसचा. ती डेटाबेस फाइलशेजारी जर्नल फाइल बनवते, आणि वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) चालू असेल तर आणखी दोन फाइली. ‘अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस’ असा संदेश आला तर फाइलबरोबर तिच्या फोल्डरालाही लेखन परवानगी आहे का ते पाहा. अशा डेटाबेससाठी वेगळे फोल्डर करावे आणि ते साइटच्या सार्वजनिक भागाबाहेर ठेवावे.

मग योग्य आकडे कोणते?

वाचन ४, लेखन २, चालवणे किंवा शिरणे १. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. साधारण साइटसाठी फोल्डर ७५५ आणि फाइली ६४४. पासवर्ड असलेली कॉन्फिगरेशन फाइल ६४०, तिचा गट वेब युजरचा. स्क्रिप्टला जिथे लिहायचे आहे तेवढीच फोल्डर ७७५ किंवा २७७५ (सुरुवातीच्या जादा २ चा अर्थ पुढे येतो), आणि त्यांतल्या फाइली ६६४.

‘आर’ पर्याय देऊन सगळ्या झाडावर सरसकट ७५५ लावू नका. त्याने प्रत्येक चित्र आणि मजकूर फाइल ‘चालवण्यायोग्य’ होऊन बसते. ‘फाइंड’ आज्ञेला आधी ‘टाइप डी’ देऊन फक्त फोल्डरांवर ७५५ लावा, मग ‘टाइप एफ’ देऊन फक्त फाइलींवर ६४४. अक्षरांची पद्धत वापरत असाल तर मोठ्या लिपीतला ‘एक्स’ लक्षात ठेवा: तो फोल्डरांना आणि आधीच चालवण्यायोग्य असलेल्या फाइलींनाच ती परवानगी देतो.

७७७ लावल्यावर चालते. मग अडचण काय?

अडचण ही की त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला आणि प्रत्येक सेवेला तिथे लिहिता येते. शेजारच्या एखाद्या जुन्या प्लगइनमधून कोणी आत शिरला तर तुमच्या फोल्डरात तो स्वतःची पीएचपी फाइल ठेवू शकतो आणि ब्राउझरमधून चालवू शकतो. शिवाय ७७७ मुळे खरे कारण झाकले जाते: मालकी चुकीची होती हे कळतच नाही, आणि पुढच्या नव्या फोल्डरात तीच त्रुटी पुन्हा येते.

काही ठिकाणी तर ७७७ मुळेच साइट बंद पडते. अपाचेचे एसयूएक्झेक स्क्रिप्ट चालवण्याआधी ती किंवा तिचे फोल्डर मालकाशिवाय इतर कोणाला लिहिण्यायोग्य आहे का ते पाहते. तसे असेल तर नकार देते आणि पाहणाऱ्याला ५०० दिसते. म्हणजे परवानगी वाढवली आणि त्रुटी वाढली.

आधीच ठिकठिकाणी लावले असेल तर ‘फाइंड’ला ‘पर्म’ पर्यायात ‘-०००२’ देऊन जगाला लिहिण्यायोग्य असलेली सगळी ठिकाणे काढा. त्यांची मालकी दुरुस्त करा आणि मगच आकडे खाली आणा. आकडे आधी उतरवले तर साइट मध्येच अडेल.

कोड मी चढवतो आणि फाइली वेब युजर लिहितो. दोघांचे जमावे कसे?

मालक तुम्ही, गट वेब युजरचा, आणि फोल्डरवर एसजीआयडी बिट. समजा ‘अपलोड्स’ हे फोल्डर आहे. ‘सीएचओन’ने मालक तुमचा युजर आणि गट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ करा, मग ‘सीएचमोड २७७५’ लावा. पहिल्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची होते, बनवणारा कोणीही असो. आत आधीपासून उपफोल्डर असतील तर त्यांनाही हा बिट वेगळा लावावा लागतो.

एवढ्याने निम्मे काम होते. उरलेले यूमास्कचे, म्हणजे नव्या फाइलींच्या परवानगीतून काय कापायचे ते ठरवणाऱ्या आकड्याचे. नेहमीचा यूमास्क ०२२ असतो आणि तो गटाची लेखन परवानगी कापतो. त्यामुळे नव्या फाइली ६४४ राहतात आणि दुसऱ्याला त्या बदलता येत नाहीत. यूमास्क ००२ हवा. एफपीएमच्या सेवेसाठी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने सर्व्हिस विभागात ‘यूमास्क=०००२’ ही ओळ घाला आणि सेवा पुन्हा सुरू करा.

तुमचा युजर वेब गटात घालायचा असेल तर ‘यूझरमॉड’ला ‘ए’ आणि मोठा ‘जी’ हे दोन्ही पर्याय द्या. ‘ए’ विसरलात तर तुमचे बाकीचे सगळे पुरवणी गट निघून जातात, त्यात सुडोचा गटही आला. गटातला बदल चालू सत्राला लागू होत नाही: तुम्ही बाहेर पडून पुन्हा आत या, आणि सेवेचा युजर बदलला असेल तर ती सेवाही पुन्हा सुरू करा. ‘गटात तर घातले, तरी चालत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

एसीएलने, म्हणजे एकेका युजरला किंवा गटाला वेगळी परवानगी देणाऱ्या यादीने, हेच अधिक नेमके करता येते. ‘सेटएफएसीएल’ दोनदा चालवायची: एकदा आजच्या फाइलींसाठी, आणि एकदा ‘डी’ पर्यायासह, म्हणजे पुढे बनणाऱ्या फाइलींना तोच नियम मिळेल. दुसरी फेरी राहिली की काही दिवस सगळे नीट चालते आणि मग नव्या फाइलींवर त्रुटी येऊ लागतात. आणखी एक: एसीएल असलेल्या फाइलीवर सीएचमोड चालवले की मधला अंक गटाऐवजी मास्क बदलतो. मग नियम दिसतो, पण लागू होत नाही. ‘गेटएफएसीएल’च्या निकालात ‘इफेक्टिव्ह’ हा शब्द दिसला तर तेच झाले आहे. ‘एलएस एल’च्या यादीत परवानगीच्या शेवटी अधिकचे चिन्ह असेल तर त्या फाइलीला एसीएल आहे असे समजा.

कालपर्यंत चालत होते, कोणी काही बदलले नाही, आणि आज बंद.

सर्वांत आधी क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सेवा) आणि हाताने चालवलेल्या आज्ञा आठवा. कोणीतरी रूट म्हणून कॅशे साफ केली किंवा लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कची आर्टिझन आज्ञा चालवली की त्या क्षणी बनलेली लॉग किंवा कॅशे फाइल रूटच्या मालकीची होते. पुढे वेब युजर तिच्यात लिहू शकत नाही. लॅराव्हेलमध्ये ‘स्टोरेज’ आणि ‘बूटस्ट्रॅप/कॅशे’ ही दोन फोल्डर तपासा. ‘फाइंड’ला ‘युजर रूट’ देऊन रूटच्या फाइली शोधा आणि त्यांची मालकी परत द्या. पण मूळ सवय बदलली नाही तर हे पुन्हा होईल: अशा आज्ञा नेहमी वेब युजरच्या नावाने चालवाव्यात, आणि क्रॉनचे कामही ‘क्रॉनटॅब’ला ‘यू’ पर्याय देऊन त्याच्याच खात्यात लिहावे.

लॉग फाइल रोज ठरावीक वेळेनंतरच बिघडत असेल तर जुने लॉग बाजूला करणाऱ्या ‘लॉगरोटेट’च्या नियमातील ‘क्रिएट’ ही ओळ पाहा. नवी फाइल कोणत्या परवानगीने आणि कोणाच्या नावावर बनेल, हे तिथे ठरते.

यांपैकी काहीच नसेल तर डिस्क. ‘डीएफ एच’ने जागा आणि ‘डीएफ आय’ने इनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी डिस्कवरची नोंद) पाहा. लाखो छोट्या सेशन फाइली साचल्या की जागा शिल्लक असतानाही इनोड संपतात. ‘फाइंडएमएनटी’मध्ये त्या विभागापुढे ‘आरओ’ दिसले तर कर्नलला डिस्कवर दोष सापडला असावा आणि त्याने लेखन थांबवले असावे. ‘डीमेसेज’ वाचा. घाईने पुन्हा लेखनासाठी माउंट करू नका. आधी बॅकअप घ्या.

मालक बरोबर, परवानगी बरोबर, तरी ‘परमिशन डिनाइड’. सर्व्हर रेड हॅट घराण्यातला आहे.

मग एसईलिनक्सकडे वळा. तिथे प्रत्येक फाइलीला एक लेबल असते आणि वेब सर्व्हरला फक्त विशिष्ट लेबलच्या फाइलींत लिहिता येते. ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ खालच्या फाइलींचे नेहमीचे लेबल ‘एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’, आणि लिहिण्यासाठी हवे असते ‘एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी’.

खात्री करण्यासाठी ‘ऑसर्च’ला ‘एम एव्हीसी’ आणि ‘टीएस रिसेंट’ द्या. गेल्या १० मिनिटांतले नकार दिसतील. तिथे तुमच्या फाइलीचे नाव असेल तर निदान पक्के. ‘सेटएन्फोर्स ०’ने काही क्षण नुसती नोंद ठेवणाऱ्या स्थितीत नेऊन पाहता येते, पण लगेच परत १ करा. एसईलिनक्स कायमचे बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो वाईट आहे, कारण खरी दुरुस्ती दोन आज्ञांची आहे.

पहिली: ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ला ‘ए’ आणि ‘टी’ पर्याय, मग लिहिण्याचे लेबल, आणि शेवटी अवतरणात फोल्डरचा मार्ग. मार्गाच्या शेवटी कंसात तिरकी रेघ, टिंब, तारा आणि कंसाबाहेर प्रश्नचिन्ह हा नमुना जोडा, म्हणजे आतले सगळे त्यात येईल. दुसरी: ‘रिस्टोरकॉन’ला मोठा ‘आर’ आणि ‘व्ही’ देऊन तेच फोल्डर. सेमॅनेज सापडत नसेल तर ‘पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स’ हे पॅकेज बसवा. ‘सीएचकॉन’नेही लेबल बदलते, पण पुढच्या रिस्टोरकॉनला ते पुसले जाते.

हा दोष उद्भवतो कुठून, तर पुष्कळदा ‘एमव्ही’मधून. होम फोल्डरातून साइट एमव्हीने हलवली की जुने लेबल सोबत येते. साध्या ‘सीपी’ने नकल केली तर नव्या जागेचे लेबल मिळते.

‘/टेंप’मध्ये लिहिलेली फाइल सापडतच नाही, किंवा एकाच सेवेला लिहिता येत नाही.

सिस्टमडीमध्ये ‘प्रायव्हेटटेंप’ चालू असेल तर त्या सेवेला स्वतःची वेगळी टेंप मिळते. डेबियनच्या अपाचेत हे चालूच असते. फाइल लिहिली गेलेली असते, पण ‘सिस्टमडी-प्रायव्हेट’ने सुरू होणाऱ्या लांब नावाच्या फोल्डरात. क्रॉन आणि वेब यांनी एकमेकांना फाइल द्यायची असेल तर टेंप वापरू नका, साइटसाठी वेगळे फोल्डर करा. सेवेच्या फाइलीत ‘प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट’ असेल तर जवळजवळ सगळी डिस्क त्या सेवेला केवळ वाचनासाठी दिसते; हवे ते फोल्डर ‘रीडराइटपाथ्स’मध्ये लिहावे लागते. ‘प्रोटेक्टहोम’ असेल तर होम फोल्डरबाबतही असेच अडते.

डेटाबेसचाही असाच एक फसवा प्रकार आहे. स्क्रिप्टने ‘सिलेक्ट इन्टू आउटफाइल’ वापरले तर फाइल मायएसक्यूएल सर्व्हर लिहितो, पीएचपी नाही. तिथे मायएसक्यूएलचा युजर, ‘सिक्युअर_फाइल_प्रिव्ह’ हे सेटिंग आणि उबुंटूवर ॲपआर्मर हा सुरक्षेचा थर, तिन्ही आड येऊ शकतात.

‘ओपन_बेसडिर रिस्ट्रिक्शन’ असा संदेश येतो.

हा नकार पीएचपीचा स्वतःचा आहे: कोणत्या फोल्डरांत जाता येईल, हे ते सेटिंग ठरवते. फोल्डर त्या सेटिंगच्या यादीत घाला. सीएचमोडचा इथे काही संबंध नाही.

छोटी फाइल अपलोड होते, मोठी नाही. हीसुद्धा परवानगीच का?

होऊ शकते. एनजिनएक्स लहान विनंती मेमरीत ठेवतो, पण ती ८ किंवा १६ किलोबाइटच्या बफरपेक्षा मोठी झाली की डिस्कवरच्या ‘क्लायंट_बॉडी’ फोल्डरात लिहितो. कॉन्फिगरेशनमध्ये एनजिनएक्सचा युजर बदलला आणि त्या फोल्डराची मालकी जुनीच राहिली, तर छोटे फॉर्म चालतात आणि मोठ्यांवर ५०० येते. लॉगमध्ये त्या मार्गाशेजारी १३ दिसेल. ४१३ आले तर मात्र तो आकाराच्या मर्यादेचा प्रश्न आहे. पीएचपीत ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइज’ मुळात २ एमबी आणि ‘पोस्ट_मॅक्स_साइज’ ८ एमबी असते, त्यामुळे त्याहून मोठ्या फाइलींसाठी तेही वाढवावे लागते.

वर्डप्रेस प्लगइन बसवताना एफटीपीचा पासवर्ड मागते.

वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल लिहून पाहते आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे का ते ताडते. मालक वेगळे निघाले तर गटाला लेखन परवानगी असूनही ती एफटीपी मागते. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी बहुधा तुमच्याच खात्याच्या नावाने चालते, म्हणून तिथे ७५५ आणि ६४४ पुरतात. तरीही मागणी आली तर काही फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या झाल्या आहेत. त्या तुम्हाला स्वतःला बदलता येत नाहीत, होस्टला सांगावे लागते. स्वतःच्या सर्व्हरवर, गटाची मांडणी नीट असल्याची खात्री करून, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ‘एफएस_मेथड’ हा स्थिरांक ‘डायरेक्ट’ ठेवता येतो.

स्क्रिप्टमधूनच सीएचमोड केले आणि परवानगी भलतीच झाली.

पीएचपीत ७५५ असे लिहिले तर तो दशमान आकडा धरला जातो आणि अष्टमानात १३६३ होतो. आधी शून्य हवे: ०७५५. ‘एमकेडिर’ला ०७७५ दिले तरी यूमास्क त्यातून वजा होतो आणि फोल्डर ७५५ बनते, म्हणून त्यानंतर वेगळे सीएचमोड करा. सीएचमोड फक्त मालकाला किंवा रूटला करता येते, गटात असणे पुरत नाही.

लेखनाआधी ‘इज_रायटेबल’ विचारण्यापेक्षा लिहून पाहणे आणि परत आलेली किंमत तपासणे अधिक भरवशाचे. ‘फाइल_पुट_कंटेंट्स’ अपयशी ठरले तर ‘फॉल्स’ देते. सापेक्ष मार्गही टाळा: टर्मिनलवर आणि वेबवर चालू फोल्डर वेगळे असते, त्यामुळे ‘डेटा/नोंद’ असा मार्ग दोन ठिकाणी दोन वेगळ्या फाइली दाखवतो. मार्ग नेहमी स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डरापासून बांधा.

डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवताना) नाव तेच, तरी परवानगी नाही.

कर्नल नावे पाहत नाही, क्रमांक पाहतो. पीएचपीच्या अधिकृत इमेजमध्ये वेब युजरचा क्रमांक डेबियन आवृत्तीत ३३ आणि अल्पाइन आवृत्तीत ८२ आहे. इमेज बदलली, जुना व्हॉल्यूम (डेटाचे जोडलेले फोल्डर) तसाच ठेवला, की लेखन थांबते. होस्टवरच्या फोल्डराची मालकी नावाने न देता क्रमांकाने द्या.

‘व्ही’ पर्यायाने दिलेले फोल्डर होस्टवर नसेल तर डॉकर ते रूटच्या नावाने बनवतो. म्हणून कंटेनर सुरू करण्याआधी ते स्वतः बनवून ठेवा. एसईलिनक्स चालू असलेल्या होस्टवर माउंटच्या शेवटी विसर्गचिन्ह आणि मोठे ‘झेड’ जोडले की लेबलही जुळते. जोडताना मार्ग नीट वाचा, कारण त्या फोल्डरातल्या सगळ्या फाइलींचे लेबल बदलले जाते. ‘/होम’सारखे आख्खे फोल्डर असे देऊ नये.

फोल्डर नेटवर्कवरून जोडलेले आहे. रूटलाही लिहिता येत नाही!

एनएफएसमध्ये ‘रूट_स्क्वॉश’ हे मूळचेच चालू असते. तुमच्याकडचा रूट तिकडे ‘नोबडी’ होतो. मालकी फाइल सर्व्हरवर बदला आणि दोन्हीकडचे युजर क्रमांक जुळवा. सिफ्स (विंडोजचे नेटवर्क फोल्डर) किंवा एफएटी माउंटवर सीएचओनचा बहुधा परिणाम होत नाही. मालक आणि परवानगी माउंट करतानाच ‘यूआयडी’, ‘जीआयडी’ असे पर्याय देऊन ठरवावी लागते.

स्थानिक डिस्कवर रूटला नकार मिळत असेल तर ‘एलएसअ‍ॅटर’ चालवा. ‘आय’ अक्षर दिसले तर फाइल गोठवलेली आहे. ‘सीएचअ‍ॅटर’ला उणे ‘आय’ देऊन ती मोकळी होते. मात्र ती कोणी मुद्दाम गोठवली होती का, ते आधी विचारा.

विंडोजवर आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर आहे. तिथे काय करावे?

आयआयएस ७.५ पासून प्रत्येक ॲप्लिकेशन पूलला स्वतःची ओळख असते: ‘आयआयएस ॲपपूल’, उलटी तिरकी रेघ आणि पूलचे नाव. लेखनाच्या फोल्डरावर तिला ‘मॉडिफाय’ हक्क द्या. सिक्युरिटी टॅबमध्ये हे नाव शोधून सापडत नाही, ते पूर्ण टंकावे लागते, आणि ‘लोकेशन्स’मध्ये डोमेनऐवजी तोच संगणक निवडावा लागतो. पीएचपीत ‘फास्टसीजीआय.इम्पर्सनेट’ १ असेल तर अनामिक पाहुण्याच्या विनंतीत लेखन बहुधा ‘आययूझर’ या अनामिक पाहुण्यांच्या खात्याच्या नावाने होते, मग हक्क त्याला हवा. ‘एव्हरीवन’ला पूर्ण ताबा देणे म्हणजे इथले ७७७.

एक प्रकार वारंवार दिसतो: चित्र अपलोड होते, पण उघडताना ४०१ किंवा ५०० येते. पीएचपी ती फाइल आधी विंडोजच्या टेंपमध्ये ठेवते आणि मग हलवते. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या जागेचे हक्क घेऊन येते. ‘अपलोड_टेंप_डिर’साठी वेगळे फोल्डर करून त्यावर योग्य हक्क द्या, म्हणजे नव्या फाइली तेच हक्क घेऊन येतील. आधी अडकलेल्या फाइलींसाठी ‘आयकॅकल्स’ला ‘रीसेट’ द्या.

लिहिण्यायोग्य फोल्डर उघडे ठेवावेच लागते. ते सुरक्षित कसे करावे?

शक्य असेल तर ते साइटच्या सार्वजनिक मुळाबाहेर ठेवा आणि फाइली स्क्रिप्टमार्फत द्या. आतच ठेवायचे असेल तर तिथे कोड चालणार नाही अशी व्यवस्था करा: अपाचेत त्या फोल्डरापुरता पीएचपीने संपणाऱ्या नावांना ‘रिक्वायर ऑल डिनाइड’, आणि एनजिनएक्समध्ये अपलोडच्या मार्गासाठी असा लोकेशन नियम, जो पीएचपीच्या सर्वसाधारण नियमाच्या वर लिहिलेला असेल. एनजिनएक्स रेग्युलर एक्स्प्रेशनचे नियम लिहिलेल्या क्रमाने तपासतो आणि पहिला जुळणारा घेतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. अपाचेत हा नियम एचटीॲक्सेस फाइलीत न ठेवता मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहा. अपलोडचे फोल्डर वेब युजरला लिहिता येते, म्हणजे त्यातली एचटीॲक्सेस फाइलही त्याला बदलता येते. नियम लावल्यावर आत एक निरुपद्रवी चाचणी पीएचपी फाइल ठेवून ती ब्राउझरमध्ये उघडा. ४०३, म्हणजे प्रवेशास नकार, आले पाहिजे.